सही करण्याआधी हाड हातात द्या

आंबा उतरवायचे दिवस होते. दादा झाडावर चढला, फांदी काडकन मोडली आणि तो खाली. आमच्या रत्नागिरीकडे ही काही नवलाची बातमी नाही. दर मोसमात कुठल्या ना कुठल्या वाडीत कुणीतरी पडतंच. खालूनच आंबा काढता यावा म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'नूतन झेला' काढला, आमच्याकडे तो आहेही. पण शेंड्याचा आंबा खुणावतो तो खुणावतोच!

पाय मोडला असेल असं वाटलं होतं. निघाली खुब्याची वाटी, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात फिरतो ती खोलगट जागा. पहिल्या हॉस्पिटलात वहिनींना पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी दाखवलं, चार इंग्रजी शब्द सांगितले आणि कागद पुढे केला. "इथे सही." दादा चांगला शुद्धीवर होता, त्याला कुणी विचारलंच नाही. वहिनींनी पेन घेतलं नि माझ्याकडे बघितलं. "वन्सं, कशावर सही करत्ये मी?"

मलाही सांगता येईना.

शेवटी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी दादाच्या पायाला वजन लावलं, सीटी स्कॅनची सीडी मागून घेतली आणि तीन दिवसांनी खाटेपाशी आले ते हातात प्लॅस्टिकचं पांढरं हाड घेऊन. दादाचाच खुबा! मापाने तेवढाच, तिथेच तडकलेला.

हे होतं कसं, ते मी विचारून घेतलं. सीटी स्कॅन म्हणजे शरीराचे पावाच्या स्लाइससारखे पातळ काप. त्यातून संगणकावर फक्त हाड वेगळं काढायचं आणि ती फाइल प्रिंटरला द्यायची. प्रिंटर म्हणजे आपला चकलीचा सोऱ्याच समजा. वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक तार थरावर थर घालत जातो. तासन्‌तास चालतं ते काम. फाइल इंटरनेटवरून जाते, त्यामुळे यंत्र आपल्या गावात नसलं तरी अडत नाही. फिरोजा कोठारी सहसंस्थापक असलेल्या मुंबईच्या 'अनाटोमाइझ थ्रीडी' कंपनीने अशी मॉडेल्स डॉक्टरांना करून दिली आहेत.

डॉक्टरांना याचा उपयोग मोठा. कुठला तुकडा कुठे सरकलाय ते कापण्याआधीच कळतं. दुसऱ्या बाजूचा धड खुबा आरशातल्यासारखा उलटा करून छापला, की धातूची पट्टी त्यावर आधीच वाकवून ठेवता येते. ऑपरेशनचा वेळ आणि रक्तस्राव कमी होतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पुढे माणूस जास्त चांगला चालतो का, हे मात्र तितकं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. मॉडेलमध्ये नसा नि स्नायू दिसत नाहीत. मनगटाच्या साध्या मोडीला तर त्याची गरजच नाही. कुणी उगाच गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. ते हाड डॉक्टरांनी वहिनींच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं, भेगेवरून बोट फिरवलं, जसं नारळ फुटकाय का बघतात तसं. आणि विचारलं, "ही बारकी भेग तशीच ठेवणार का, डॉक्टर?" दादाने विचारलं, "मला उकिडवं बसता येईल?" डॉक्टरांनी गोळा वाटीत फिरवून दाखवला. पृष्ठभाग खडबडीत राहिला तर सांधा लवकर झिजतो, मग खुबा बदलायची पाळी येऊ शकते, पायाकडे जाणारी मोठी नस तिथूनच जाते, तिला धोका असतो. सगळं मराठीत. अर्धा तास लागला असेल. नंतर दादाने स्वतः सही केली.

हा काही डॉक्टरांचा उपकार नव्हे. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका खटल्यात हे स्पष्ट केलंय. भुलीत असलेल्या स्त्रीचं गर्भाशय काढायला तिच्या आईची संमती घेतली होती. जिवावरचा प्रसंग नव्हता. न्यायालयाने ती संमती मानली नाही. सज्ञान, विचार करू शकणाऱ्या रुग्णाची स्वतःची संमती हवी, आणि तीही उपचार काय, धोके कोणते, दुसरा पर्याय आहे का, हे समजल्यावर. आपल्याकडे मात्र घरच्या बाईपुढे कागद सरकवला की झालं. तीही बिचारी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते.

म्हणून माझं म्हणणं, मॉडेल केलंच असेल तर ते ऑपरेशन थिएटरच्या दाराआड ठेवू नका. आणि प्रत्येकासाठी वेगळं छापणं परवडणार नाही, तर वॉर्डात खुब्याचा, गुडघ्याचा, टाचेचा एकेक साधा सांगाडा ठेवायला काय हरकत आहे? तो बोट लावून दाखवायलाही पुरतो. मैत्रिणींनो, तुम्हीही मागा. सीटी स्कॅनचा नुसता रिपोर्ट घेऊन घरी येऊ नका, सीडीही मागून घ्या. मॉडेल त्यावरूनच होतं.

दादा आता काठी घेऊन अंगणात फिरतो. यंदा आंबा उतरवायला गडी सांगितलेत. प्लॅस्टिकचा खुबा वहिनींनी माजघरातल्या फळीवर ठेवलाय. दादाला बघायला कुणी आलं, की चहाआधी तो खाली येतो, आणि मोडलं कुठे नि पट्टी बसली कशी, ते वहिनीच सांगतात.