गरिबीला हद्दीचा खांब कोणी ठोकला?

दोस्तांनो, सरकारी अहवाल उघडा. गरिबीची दोन खाती. एक शहरी, एक ग्रामीण. दोन दारिद्र्यरेषा, दोन योजना, दोन साहेब. आपली पोरंही शिबिरात तेच घोकतात. कोण म्हणतो आधी झोपडपट्टी, कोण म्हणतो आधी खेडं. मी म्हणतो, मधला खांबच खोटा आहे.

पेणला या. दिवाळी सरली की कातकरीवाडी रिकामी होते. वीटभट्टीवाल्याचा टेम्पो येतो. बायकापोरं, भांडी, कोंबड्या, सगळं त्यात चढतं. पावसाळ्यात घरात दाणा नव्हता तेव्हा घेतलेली उचल आता चिखल तुडवून, विटा थापून फेडायची. हा माणूस पावसाळाभर वाडीत, बाकी वर्ष भट्टीवर. त्याच्या विटा शहरात, तो शहरात नाही. सांगा, कुठल्या रकान्यात बसवता त्याला? वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली. उचल कुठं बंद झाली? (आणि 'कातकरी म्हणजे आदिवासी, तो आपला प्रश्न नाही' म्हणणाऱ्यांनी हे पान इथंच मिटावं.)

रोह्याला धाटावची एमआयडीसी. सातबारावाल्याला जमिनीचा मोबदला तरी मागता येतो. ज्याच्या बापजाद्यांचं नाव सातबारावर कधी चढलंच नाही, तो काय दाखवणार? तो फाटकाबाहेर कंत्राटदाराची वाट बघत उभा.

रोजगार हमीला मी शिव्या घालणार नाही. १९७२ च्या दुष्काळात तिनं माणसं जगवली. १९७७ साली कायदा झाला. शहरातल्या पगारदाराकडून व्यवसाय कर घेऊन खेड्यातल्या मजुराला काम दिलं. म्हणजे पैसे गोळा करताना सरकारला खांब आडवा आला नाही! पण बांध कोणाच्या शेताला पडला? १९९० पासून हमीत फळबागा आल्या. खड्डे खणले बिनजमीनवाल्यानं, कलमं लागली जमीनवाल्याची. २००५ चा केंद्राचा कायदा शंभर दिवसांचा होता, पण ग्रामीण. घर नगरपालिकेच्या हद्दीत असलं की त्यात जागा नव्हती. शिवाय हमीचं काम निघायचं उन्हाळ्यात, आणि भूक लागते श्रावणात. उचल तेव्हाच घेतली जाते.

आता अमेरिका बघू. पँथर हे नाव आपण १९७२ साली तिथल्या काळ्या भावांकडून घेतलं, मग त्यांच्या गरिबीचा हिशेबही घेऊ. १९३३ साली तिथल्या सरकारनं सांगितलं, कापूस कमी पेरा, आम्ही पैसे देतो. पैसे गेले जमीनमालकाच्या खिशात. रान पडीक पडलं आणि वाटेकरी रस्त्यावर आला. १९३५ साली म्हातारपणाची पेन्शन आणि बेकारभत्ता आला, आणि त्यातून शेतमजूर न् घरकामगार वगळले. कायद्यात 'काळा' हा शब्द नाही. कशाला हवा? दक्षिणेत कापसाच्या रानात आणि गोऱ्याच्या स्वयंपाकघरात कोण राबत होतं, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. आपल्याकडचे १९४८ चा कामगार विमा आणि १९५२ चा प्रॉव्हिडंट फंड तरी शेतमजुराच्या बांधावर कुठं पोचले?

तो वाटेकरी शिकागो, डेट्रॉइटला गेला. तिथं १९३४ पासून सरकारी गृहकर्जाच्या विम्यातून काळ्या वस्त्या बाहेर. काल ग्रामीण गरीब, आज शहरी गरीब. माणूस तोच. १९६४ साली प्रेसिडेंट जॉन्सननं गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं, फूड स्टँप दिले. १९९६ साली क्लिंटननं गरीब आयांच्या रोख मदतीला कामाची अट आणि पाच वर्षांची मुदत घातली. गुलामगिरी मोडताना, १८६५ साली, चाळीस एकर देऊ केले होते. त्याच साली ते काढूनही घेतले. भाकरी दिली जाते. मुदतीवर. जमीन नाही.

फरक आहे, तो लपवू नये. तिकडचा माणूस रानातून एकदा उठला. आपला दरवर्षी उठतो. कारण शहरही त्याला राहू देत नाही. मुंबईतल्या पुनर्वसनात १ जानेवारी १९९५ आधीचा पुरावा आण, मग २००० चा आण. भट्टीवर जन्मलेल्या पोरानं कुठल्या तारखेचा कागद आणायचा?

बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हटलं, हे आपण सांगत फिरतो. पण १९३७ साली खोती मोडायचं विधेयक त्यांनीच आणलं, या कोकणासाठी. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये सगळी शेती सरकारच्या मालकीची करून सामुदायिक कसायला द्या, ही मागणी त्यांचीच. आणि जॉन्सन फूड स्टँप वाटत होता त्याच १९६४ च्या ६ डिसेंबरला दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीन तुरुंगात गेले. ते रेशन मागायला गेले नव्हते.

रोहा-पेणच्या डोंगरात इंग्रजांच्या काळापासूनच्या दळी जमिनी आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्यांवर दावा करता येतो. तेव्हा शिबिरं पुरे. भाद्रपदात, टेम्पो यायच्या आधी, वाडीवर जा. घरोघर दोनच गोष्टी विचारा आणि लिहून आणा: दळीचा दावा कुठल्या टेबलावर अडकलाय, आणि यंदा उचल किती घेतली.