डावीकडे वळताना

सिग्नल हिरवा झाला की रस्ता आपला झाला, असा समज घरोघरी आहे. चौकात पायी चालणाऱ्याला त्याचीच भीती. आम्हाला मात्र सर्वांत जास्त धास्ती वाटते ती डाव्या वळणाची.

डावीकडे वळणाऱ्याची नजर उजवीकडे असते, कारण गाड्या तिकडून येतात. जरा जागा दिसली की तो गाडी पुढे काढतो आणि मान अजून उजवीकडेच असते. नेमकी त्याच वेळी डाव्या फुटपाथवरून एखादी दादी नातवाचा हात धरून खाली उतरते. कारच्या पुढच्या काचेशेजारचा खांब अख्खा माणूस झाकतो, हे चालवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. म्हणून वळण्याआधी पुन्हा एकदा डावीकडे पाहावे, तेही थोडे पुढे वाकून.

‘लेफ्ट फ्री’ हा तर आपणच केलेला कायदा! लाल दिवा असताना डावीकडे वळता येते ते तशी पाटी किंवा हिरवा बाण असेल तिथेच. तिथेही चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे.

थोडा हिशेब करा. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. एवढा वेळ तर पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत जातो. वेग २० असेल तर हे अंतर निम्मे, आणि ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर चौथ्या हिश्श्यावर येते.

सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांपाशी वेग कमी करून, गरज पडल्यास थांबून पादचाऱ्याला वाट द्यावी, असे केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालन नियमांत आहे. तिथे शेजारची गाडी थांबली तर हॉर्न वाजवत तिच्या बाजूने निघू नका. तिच्यापुढून कुणीतरी रस्ता ओलांडत असेल, आणि ते आपल्याला दिसत नसेल.

रमजानमध्ये इफ्तारच्या आधीची पंधरा-वीस मिनिटे तर फारच नाजूक. बर्फ, फळे, भजी घेऊन दुचाक्या सुसाट निघतात आणि त्याच चौकातून बुजुर्ग मगरिबसाठी मशिदीकडे चालत असतात. अंधारही पडू लागलेला असतो. उशीर होईलसे वाटले तर चार खजूर आणि पाण्याची बाटली गाडीत ठेवावी. अजान झाली की गाडी बाजूला घेऊन तिथेच रोजा सोडता येतो. आणि घरच्यांनी त्या वेळी “कुठपर्यंत आलात?” असा फोन न केलेलाच बरा.