जुन्या मोटारी, नवे रस्ते आणि ब्रेकचा प्रश्न

हिवाळा सुरू झाला की मुंबई, दिल्ली, कोलकाता अशा शहरांत जुन्या मोटारींच्या रॅली निघू लागतात. चकाकणारे रंग, पितळी दिवे, पुन्हा क्रोम चढवलेले बंपर आणि तऱ्हेतऱ्हेचे भोंगे पाहायला रस्त्याच्या दुतर्फा गर्दी होते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्यांची छायाचित्रे झळकतात. गाडी कोणत्या संस्थानिकाची, इंजिन किती सिलिंडरचे, रंग मूळचाच आहे का, याची चर्चा रंगते. या कौतुकात एक साधा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. ही गाडी थांबते कशी?

हा प्रश्न आता केवळ हौशी संग्राहकांपुरता राहिलेला नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी प्रथमच स्वतंत्र नोंदणीची व्यवस्था केली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ही नोंदणी मिळते. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये व पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क असून नोंदणीची मुदत दहा वर्षांची आहे. नव्याने नोंदणी होणाऱ्या वाहनांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ही वाहने नित्याच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. मोडीत काढण्याच्या धोरणाची चर्चा सुरू असतानाच वारसा म्हणून काही वाहनांना संरक्षण मिळाले, हे स्वागतार्हच होते.

मात्र पन्नास वर्षांची ही अट सरकती आहे. दरवर्षी तिच्या कक्षेत नव्या गाड्या येतात. ‘व्हिंटेज’ म्हटले की महाराजांची रोल्स-रॉइस डोळ्यांपुढे येण्याचे दिवस मागे पडत आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट आणि उत्तरपाऱ्याची ॲम्बॅसिडर याही आता कायद्याच्या दृष्टीने वारसा ठरू लागल्या आहेत. मुंबईची ओळख असलेली प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली, तेव्हा शहराला वाटलेली हळहळ हेच सांगत होती. आजोबांची गाडी विकायची नाही, दुरुस्त करून ठेवायची, असे ठरवणारी मध्यमवर्गीय कुटुंबे वाढणार, हे उघड आहे. म्हणूनच या गाड्यांच्या ब्रेकविषयी नियम काय म्हणतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

नियमाचे मौन

वाहनात ‘मोठा फेरबदल’ झालेला नसावा, ही नोंदणीची मुख्य अट आहे. या फेरबदलाच्या व्याख्येत चॅसी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे, ब्रेकचा नाही. दुसरीकडे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते. या दोहोंच्या मध्ये ब्रेक अधांतरी राहिले आहेत. परिणामी दोन्ही टोकांच्या वाटा मोकळ्या राहतात. ‘मूळ स्वरूप’ बिघडेल या भीतीने कोणी झिजलेल्या ब्रेकला हात लावत नाही, तर कोणी ‘सुरक्षेसाठी’ म्हणून भंगारातून आणलेल्या आधुनिक गाडीचे डिस्क ब्रेक वाटेल तसे बसवतो. यातील पहिला मार्ग जितका धोक्याचा, तितकाच दुसराही आहे.

मुळात सर्व जुन्या गाड्यांना एकच मोजपट्टी लावता येत नाही. आरंभीच्या बहुतेक मोटारींना फक्त मागच्या चाकांना ब्रेक असत. फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये पायाचा ब्रेक चाकांवर नव्हे, तर गिअर यंत्रणेवर काम करी. हिस्पानो-सुइझाने १९१९ मध्ये चारही चाकांच्या ब्रेकला यांत्रिक सर्व्होची जोड दिली. गाडीच्याच गतीतून शक्ती घेऊन ब्रेकचा जोर वाढवण्याची ही कल्पना पुढे रोल्स-रॉइसनेही परवान्याने स्वीकारली. १९२१ च्या ड्यूसेनबर्गमध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. फोर्डने मात्र सळ्या आणि तारांवर चालणारे ब्रेक १९३९ पर्यंत सोडले नाहीत. डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वारने १९५३ ची ल मान्स शर्यत जिंकली आणि ड्रम ब्रेकच्या युगाचा अस्त सुरू झाला. आपल्याकडच्या जुन्या फियाट आणि ॲम्बॅसिडर मात्र चारही चाकांच्या ड्रम ब्रेकवरच वाढल्या.

रोल्स-रॉइसचा तो सर्व्हो काढून तेथे आधुनिक ब्रेक बसवला, तर गाडी कदाचित लवकर थांबेल. पण अभियांत्रिकीच्या इतिहासातील एक पान फाडले जाईल. वारसा केवळ बाह्यरूपात नसतो, तो यंत्रणेतही असतो.

आधी जीर्णोद्धार, मग सुधारणा

जुने ब्रेक म्हणजे वाईट ब्रेक, असे समीकरण बरोबर नाही. चांगल्या स्थितीतील ड्रम ब्रेक त्याच्या काळातील वेगाला पुरेसा असतो. आज रस्त्यावर दिसणारा दोष बहुधा मूळ रचनेचा नसून झीज आणि दुर्लक्ष यांचा असतो. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे मास्टर सिलिंडर आणि चाकांतील सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेले असतात. तेथे नुसते नवे रबर घातले तर काही महिन्यांत गळती पुन्हा सुरू होते. सिलिंडरला आतून पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे अस्तर बसवणे हाच टिकाऊ उपाय होय. रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतात, पण आतून फुगलेले असतात. तेल पुढे जाते, परत येत नाही आणि पाय काढल्यावरही चाक जखडून राहते. लोखंडी पाइप आतून गंजतात. त्यांच्या जागी तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे पाइप घातल्यास गंजाची चिंता मिटते आणि रूपही फारसे बदलत नाही.

ब्रेक ऑइलची गोष्ट तर अधिकच दुर्लक्षित. सर्वसाधारण वापरातले तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ दर्जाचे कोरडे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे. ओलावा शोषलेल्या तेलासाठी तोच १४० अंशांवर येतो. बोरघाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवले तर ड्रम तापून प्रसरण पावतात, तेलाची वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकते. मुंबईच्या पावसात पाणी ड्रममध्ये शिरले की पहिल्या दोन-तीन वेळा ब्रेक लागतच नाहीत. जुन्या पिढीतील चालक घाट खालच्या गिअरमध्ये उतरत आणि पाण्यातून बाहेर पडल्यावर ब्रेक हलके दाबून वाळवत. ते ज्ञान गाडीबरोबर पुढच्या पिढीकडे आपोआप येत नाही.

आणखी एक विषय कामगारांच्या आरोग्याचा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर बंदी घातली. भारतात त्याच्या वापरावर अजूनही सरसकट बंदी नाही. ड्रम उघडून आतली धूळ हवेच्या झोताने उडवणे ही अनेक गॅरेजमधील सवय मेकॅनिकच्या फुफ्फुसांच्या मुळावर येणारी आहे. धूळ ओल्या फडक्याने पुसणे आणि नवे लायनिंग ॲस्बेस्टॉसरहित घेणे, हे दोन्ही सहज शक्य आहे.

एवढे झाल्यावर सुधारणेचा विचार करावा. १९६० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेलाचा एकच मार्ग असे. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जात आणि उरे तो केवळ हातब्रेक. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी मार्ग सक्तीचा केला. जुन्या गाडीत दोन कप्प्यांचे मास्टर सिलिंडर बसवणे हा बदल बाहेरून दिसत नाही, पूर्ववत करता येतो आणि जीव वाचवू शकतो. याउलट पुढील चाकांना मोठे डिस्क ब्रेक लावण्याचा मोह आवरायला हवा. गाडी थांबवण्याची अंतिम मर्यादा अरुंद टायर ठरवतात. ब्रेकचा वाढलेला जोर जुना ॲक्सल, बेअरिंग आणि स्टिअरिंगचे सांधे यांच्यावर येतो. शिवाय पुढच्या-मागच्या चाकांचा तोल बिघडला तर गाडी गिरकी घेते.

इतरांनी काय केले?

ब्रिटनने मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठा बदल न झालेल्या गाड्यांना वार्षिक ‘एमओटी’ तपासणीतून सूट दिली. गाडी रस्त्यासाठी सुरक्षित ठेवण्याची मालकाची कायदेशीर जबाबदारी मात्र कायम राहिली. तेथील मार्गदर्शक सूचनांत ‘मोठा बदल’ म्हणजे काय हे सांगताना ॲक्सल आणि चालनयंत्रणेत सुरक्षेसाठी केलेली सुधारणा ग्राह्य धरली आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्युरिन सनद त्याच दिशेने जाते. आवश्यक बदल कमीत कमी असावेत, पूर्ववत करता यावेत आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत, असे तिचे सूत्र आहे. जुन्या वास्तूंच्या जतनात आपण हेच तत्त्व मानतो.

आपल्या नियमांत हे सूत्र आणणे अवघड नाही. ब्रेकमधील पूर्ववत करता येणारे, सुरक्षेसाठीचे बदल ‘मोठा फेरबदल’ मानले जाणार नाहीत, असे एक स्पष्टीकरण पुरे. त्यासोबत अशा बदलाची नोंद आणि मूळ भागांचे जतन बंधनकारक असावे. विमा कंपनीलाही त्याची माहिती द्यावी, म्हणजे अपघातानंतर वाद उरणार नाही. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असली तरी वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक दहा वर्षे भरवशाचे राहत नाहीत. त्यामुळे ब्रेकची तपासणी दरवर्षी, निदान प्रत्येक रॅलीपूर्वी व्हावी. यासाठी सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. रॅलीच्या परीक्षकांनी रंग आणि क्रोम यांच्याबरोबर ब्रेकलाही गुण दिले, तर मालकांचे लक्ष आपोआप तिकडे वळेल.

यावर आक्षेप असा की, या गाड्या वर्षातून दोन-चारदाच बाहेर पडतात, हळू चालतात. मग एवढा बाऊ कशाला? परंतु वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पुढे जाणारी आजची मोटार तर एबीएसच्या बळावर झटक्यात थांबते. तिच्यामागच्या जुन्या गाडीच्या चालकाला तेवढा अवकाश कोणी देत नाही. जुन्या गाडीचा धोका पत्करायचा की नाही, हे मालक ठरवू शकतो. रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला अथवा शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला तो पर्याय कोणी दिलेला नसतो. वारसा जपण्याचा हक्क जितका खरा, तितकीच त्यांच्या जिवाची जबाबदारीही खरी आहे. ‘मूळ स्वरूप’ या शब्दांचा अर्थ नियमाने आणि हौशी मंडळींनी याच जबाबदारीच्या उजेडात लावायला हवा. कारखान्यातून बाहेर पडलेली ती गाडी, तिच्या काळाच्या मानाने, नीट थांबत होती. हेही तिचे मूळ स्वरूपच होते.