ताटाखालचं तळं



सुट्टीच्या दिवशी बाहेर जेवायला जायचं ठरलं की घरातली लहान मुलं एकच हट्ट धरतात, "आपण गार्डन रेस्टॉरंटमध्येच जाऊ या!" हट्ट चुकीचाही नसतो. आजोबांना मोकळी हवा मिळते, मुलांना पळायला हिरवळ मिळते आणि आईला एक दिवस ओट्यापासून सुट्टी मिळते. झाडांवर दिव्यांच्या माळा असतात आणि कोपऱ्यात एखादं छोटंसं तळं, त्यात दोन बदकंही असतात. आजचा प्रश्न त्या हिरवळीविषयी आहे. आपण खुर्ची टाकून बसलोय, ती जागा आधी काय होती?

बऱ्याच ठिकाणी उत्तर निघतं पाणथळ. शहराजवळची पाणथळ जमीन स्वस्त असते, तिथे पीक येत नाही आणि लोकही तिला 'पडीक' म्हणतात. मग भराव पडतो, भरावावर लॉन येतं आणि लॉनवर टेबलं लागतात. गंमत म्हणजे खरं तळं बुजवून झाल्यावर शोभेसाठी सिमेंटचं तळं बांधलं जातं!

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर चेन्नईच्या अड्यारला जाऊ या. एका नदीच्या काठावर माणूस पाणथळ जमिनीशी किती वेगवेगळ्या तऱ्हांनी वागला, ते तिथे जवळजवळ दिसतं.

अड्यार नदी जेमतेम ४२ किलोमीटर लांबीची. चेन्नईच्या दक्षिण भागातून वाहत ती बंगालच्या उपसागराला मिळते. मुखाजवळ तिची खाडी क्विबल आयलंड नावाच्या भागाला वळसा घालून आत शिरते. इथे गोडं आणि खारं पाणी मिसळतं, भरती-ओहोटीबरोबर चिखल झाकला जातो आणि उघडा पडतो. आपल्याला तो नुसता चिखल वाटतो. मासे, खेकडे आणि पक्ष्यांसाठी मात्र ते वाढलेलं पान असतं.

या नदीकाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मोठमोठ्या बागांमध्ये बंगले बांधले. त्यांना 'गार्डन हाउस' म्हणत. जेम्स ब्रोडी नावाच्या अधिकाऱ्याने बांधलेला ब्रोडी कॅसल त्यातलाच. पुढे हा ब्रोडी त्याच नदीत बुडून गेला. जॉर्ज मॉब्रे याच्या बागेतली घुमटाची इमारत आज मद्रास क्लबची वास्तू आहे. आणि ज्या हडलस्टन गार्डन्समध्ये थिऑसॉफिकल सोसायटी आहे, तिथे ती १८८२ मध्ये आली कुठून? आपल्या मुंबईहून! या मिळकतींमध्ये घर थोडं आणि बाग फार. नदी फुगून पाणी आत आलंच, तर ते मुरायला माती होती.

शहर वाढलं तसं हे गणित उलटं झालं. अड्यारच्या उत्तरेला लाँग टँक नावाचं एक लांबलचक तळं होतं. १९२०च्या दशकात ते बुजवायला सुरुवात झाली आणि तिथे त्यागराय नगर वसलं. साड्या आणि दागिन्यांच्या खरेदीसाठी आज सारा देश ज्या 'टी. नगर'ला जातो, तेच हे! शेजारच्या पश्चिम मांबलममध्ये 'लेक व्ह्यू रोड' आहे. रस्ता आहे, नाव आहे, लेक तेवढा नाही. हसू नका, मुंबईत धोबी तलाव बसस्टॉपवर उतरून तलाव शोधून पाहा!

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे बागेत बसून जेवायचंच नाही का? तसं मुळीच नाही. अड्यारपासून थोड्याच अंतरावर कॅथीड्रल रोडला १९६२ मध्ये 'वुडलँड्स ड्राइव्ह-इन' सुरू झालं. तिथे पाणथळ नव्हती, जागा ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेची होती. मोठाल्या झाडांच्या सावलीत गाडी लावायची आणि खिडकीला अडकवलेल्या ट्रेवर डोसा अन् फिल्टर कॉफी घ्यायची. कॉलेजची पोरं, संसारी माणसं, चित्रपटवाले, एकाच कॉफीवर तासभर गप्पा मारणारे, सगळे तिथे यायचे. २००८ मध्ये ते बंद झालं आणि २०१० मध्ये त्याच जागी सेम्मोळी पूंगा हे सार्वजनिक उद्यान उघडलं. 'पूंगा' म्हणजे बाग. सेहेचाळीस वर्षं हॉटेल चाललं, तरी बागेची पुन्हा बाग होऊ शकली, कारण झाडं आणि माती शिल्लक होती. तेव्हा दोष जेवणाचा नाही. दोष भरावाचा आणि काँक्रीटचा.

त्या दोषाची किंमत चेन्नईने २०१५ मध्ये मोजली. तिथला मोठा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये नाही, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. त्या वर्षी नोव्हेंबरभर कोसळून तळी आधीच काठोकाठ भरली होती. १ डिसेंबरला पुन्हा अतिवृष्टी झाली आणि चेंबरंबाक्कम तलावातून सेकंदाला २९,००० घनफूट पाणी अड्यारमध्ये सोडावं लागलं. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. म्हणजे दर सेकंदाला आठ लाख लिटरहून जास्त! सैदापेट, कोट्टूरपुरम भागात माणसं गच्च्यांवर जाऊन बसली. विमानतळ अनेक दिवस बंद राहिला. त्याची एक धावपट्टी अड्यार नदीवरून जाते, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं.

पाणथळ जमीन ओट्यावरच्या फडक्यासारखी असते. दूध उतू गेलं तर ती टिपून घेते आणि मग सावकाश सोडते. फडकं फेकून दिलं की दूध ओट्यावरून खाली येणारच.

पण अड्यारने आणखी एक गोष्ट करून दाखवली आणि ती मला फार मोलाची वाटते. खाडीचा आतला भाग राडारोडा आणि सांडपाण्याने भरत चालला होता. तिथल्या बांधकामांविरुद्ध १९९०च्या दशकात नागरिक न्यायालयात गेले. पुढे सरकारने खाडीचा ५८ एकरांचा तुकडा पुन्हा जिवंत करायला घेतला. राडारोडा उचलला, पाण्याला वाट करून दिली, खारफुटी आणि त्या मातीतली स्थानिक झाडं लावली. जानेवारी २०११ मध्ये 'तोल्काप्पिय पूंगा' या नावाने ही बाग सुरू झाली. शाळेतल्या मुलांना तिथे नेऊन पाणथळ म्हणजे काय ते शिकवतात. म्हणजे जिथे बुजवलं तिथेच परत उकरता येतं! मात्र बुजवण्यापेक्षा उकरायला फार कष्ट, फार पैसा आणि फार वर्षं लागतात.

हे वाचून "चेन्नईचं चेन्नई जाणे" असं म्हणणार असाल, तर पुण्यातल्या सारसबागेत चला. नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्याचं पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. तळ्यातल्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी गणपतीची स्थापना केली. म्हणून तो 'तळ्यातला गणपती'. आज तळं गेलंय, बाग आहे आणि बागेबाहेरच्या चौपाटीवर आपण पावभाजी खातो. इथे निदान बाग तरी राहिली. पण आंबील ओढ्याच्या काठाने जी दाटी झाली, तिचं काय? २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री तो ओढा फुगला, सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या आणि माणसंही गेली. ज्याला आपण नाला म्हणून विसरलो होतो, त्याला स्वतःची वाट पाठ होती.

मग आपण काय करायचं? पुढच्या वेळी गार्डन रेस्टॉरंटमध्ये गेलात की ऑर्डर येईपर्यंत मुलांबरोबर एक खेळ खेळा. जागेचं नाव बघा, त्यात तळं, डोह, खार, खाजण असं काही लपलंय का? मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडा आणि जवळचा ओढा कुठून येतो, कुठे अडतो ते शोधा. पायाखाली माती आहे की फरश्या, ते पाहा. आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "आजोबा, इथे पूर्वी काय होतं?" हे उत्तर नकाशातही सापडत नाही. जवळपास एखादी पाणथळ जागा अजून शिल्लक असेल आणि तिथे रात्रीत डंपर रिकामे होऊ लागले, तर फोटो काढून महापालिकेकडे किंवा तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा. अड्यारच्या खाडीचा तो तुकडाही कुणीतरी वेळेवर तक्रार केली म्हणूनच वाचला.

२०२२ मध्ये चेन्नईची पळ्ळिकरणै दलदल आणि आपली ठाणे खाडी, दोन्ही आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत गेल्या. यादीतल्या जागांना निदान नाव तरी मिळालं. तुमच्या घरामागच्या डबक्याला नाव देणारे तुम्हीच.

तुमच्या गावात असं बुजलेलं तळं आहे का? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि मला नक्की कळवा. भेटू पुढच्या वेळी.