फिस्टुलाची थरथर थांबली, तर डायलिसिसच्या वाराची वाट पाहू नका!

पाटण, मल्हारपेठ, तारळे, ढेबेवाडी, कोयनानगर परिसरातील डायलिसिसच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना कळकळीचे आवाहन

हातातली रोहिणी आणि नीला जोडून केलेला फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. बंद पडायला एक रात्र पुरते. मग मानेत नळी घालावी लागते, आणि नळीतून रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका कितीतरी जास्त.

म्हणून रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना फिस्टुलावर दुसऱ्या हाताची बोटे टेकवा. मोटार चालू असताना पाण्याच्या पाइपाला हात लावल्यावर जाणवते, तशी थरथर लागली पाहिजे. ती थांबली किंवा मंदावली, तर आत गुठळी झालेली असू शकते. हात चोळू नका, शेकू नका. लगेच डायलिसिस सेंटरला फोन करा आणि निघा. गुठळी वेळेत निघाली तर फिस्टुला वाचू शकतो. पावसाळ्यात तर तासाचाही उशीर नको. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या, तेव्हा रस्ते कसे बंद झाले ते आपण पाहिले आहे.

सुईच्या जागेतून रक्त उसळले, तर टॉवेल गुंडाळत बसू नका. स्वच्छ कापडाची छोटी घडी नेमक्या छिद्रावर ठेवून बोटाने घट्ट दाबा, हात उंच धरा, १०८ला फोन करा. हळद, दगडी पाला काहीही लावू नका. फुगवट्यावरची कातडी पातळ, चकचकीत झाली किंवा तिथली खपली भरून येत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा. थंडी वाजून ताप, लाली, पू, बोटे गार पडणे, हेही अंगावर काढू नका.

फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका. सलाईन, रक्ततपासणी नको. घट्ट बांगड्या, घड्याळ नको. हात उशाखाली घेऊन झोपू नका. वैरणीचा भारा, पाण्याची कळशी त्या हाताने उचलू नका. डायलिसिसआधी हात साबणाने धुवा आणि सुईची जागा बदलायला सांगताना संकोच करू नका. नळी असलेल्यांनी ती भिजू देऊ नये. टोपण घरी उघडू नये.

किडनी अधू आहे, पण डायलिसिस अजून लागलेले नाही, अशांनी कमी वापराच्या हाताच्या शिरा आतापासूनच जपाव्यात. तपासणीला रक्त द्यायचे तर पंजाच्या मागच्या शिरेतून घ्यायला सांगावे.

आशाताई, ग्रामपंचायती आणि तरुण मंडळांना विनंती: वाडीवस्तीवरील अशा रुग्णांची नोंद आणि रात्री गाडी काढणाऱ्यांचे नंबर आजच जुळवून ठेवा. मध्यरात्री गाडी मागायला आलेल्याला कुणीही ‘सकाळी बघू’ म्हणू नये.