आशाची जागा निघाली, पण पुढची पायरी कुठे आहे?

गावात आशाची जागा निघाली की पारावर चर्चा सुरू होते. परवा भावकीतल्या एका सुनेने मला विचारलं, "काका, अर्ज भरू का? नोकरीच आहे ना ती?" वय २७, बारावी आर्ट्स, पोरगं अंगणवाडीत. मला चटकन हो म्हणता येईना, नाही पण म्हणता येईना.

कागदावर ही नोकरी नाहीच. २००५ साली योजना आली तेव्हापासून आशा म्हणजे स्वयंसेविका. पगार नाही, मोबदला. बाळंतिणीला दवाखान्यात नेलं त्याचे वेगळे, टीबीच्या पेशंटच्या गोळ्या पूर्ण करून घेतल्या त्याचे वेगळे. नवीन बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंत सहा-सात खेपा मारायच्या, वजन बघायचं, ताप बघायचा, दूध ओढतंय का ते बघायचं. त्याचे २५० रुपये. बाळ मळ्यातल्या वस्तीवर असलं तर पेट्रोल घरचं.

त्याशिवाय दर महिन्याची ठरलेली रक्कम असते. ती मात्र भांडूनच वाढली. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये संप झाला, ७ हजार वाढीचं आश्वासन मिळालं. जीआर निघेना म्हणून जानेवारी २०२४ मध्ये बायका परत रस्त्यावर. मार्चमध्ये हातात आले ५ हजार. केंद्राने २०२५ मध्ये आपला वाटा २ हजारांवरून साडेतीन हजार केला. म्हणजे पैशाची बाजू पहिल्यापेक्षा बरी आहे, वेळेवर खात्यात पडले तर.

माझ्या मते खरी अडचण पुढेच आहे. दहा वर्षं इमानदारीने काम केलं, तर ती बाई कुठे पोचते? वरची पायरी गटप्रवर्तकाची. पण राज्यात आशा ७० हजारांच्या आसपास आणि गटप्रवर्तक साडेतीन हजारांच्या थोडे वर. विसात एक. बाकी एकोणीस जणी तिथल्या तिथेच.

दुसरा रस्ता एएनएमचा, म्हणजे नर्सबाई होण्याचा. बारावी लागते, आर्ट्स चालतं, कोर्स दोन वर्षांचा. पण प्रवेशाला वयाची अट १७ ते ३५. आता आशाची भरती होते २५ ते ४५ वयात. तिशीत कामाला लागलेली बाई चार-पाच वर्षांत तयार होते, घराघरात तिचा शब्द चालायला लागतो, आणि नेमकं तेव्हाच नर्सिंगचं दार बंद होतं! हे नियम करणाऱ्यांनी एकमेकांना विचारलं तरी होतं का?

आणि हे महाराष्ट्रात व्हावं याचंच वाईट वाटतं. गावची बाईच गावचं आरोग्य सांभाळू शकते हे जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७० पासून करून दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी बाळांची काळजी घेणाऱ्या बाया तयार केल्या, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आजच्या आशाच्या त्या सहा-सात खेपा तिथूनच आल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा सन्मानही केला. सन्मानाने वय काही कमी होत नाही.

एएनएमच्या जागांत आशांना राखीव वाटा, वयात सूट आणि शिकतानाच्या दोन वर्षांत मोबदला चालू, एवढं केलं तरी पुष्कळ होईल. मतं मागायला दारात येतील त्यांना हे विचारा.

त्या सुनेला मी म्हटलं, भर अर्ज. पण पस्तिशीला आठच वर्षं आहेत हे ध्यानात ठेव. तीन-चार वर्षं काम कर, जमतंय वाटलं तर एएनएमचा फॉर्म टाक. बारावी नसती तर आधी मुक्त विद्यालयातून ती कर म्हणालो असतो, तिथे वय आडवं येत नाही. दोन वर्षं पूर्णवेळ कॉलेज म्हटल्यावर पोराकडे कोण बघणार, हे मात्र सासूबाईंशी आत्ताच बोलून घे.

सासूबाई "बघू" म्हणाल्यात. फॉर्म नेलाय.