हळहळ पुरेशी नाही

विद्वानांनी ग्रंथ लिहावेत, भाविकांनी दानधर्म करावा आणि कायदेकानू राजकारण्यांवर सोपवावेत, अशी सोयीची वाटणी आपण करून ठेवली आहे. धर्मगुरू या नात्याने आम्हीही ती वर्षानुवर्षे मुकाट्याने मान्य केली. ही वाटणी ख्रिस्ती नाही, असे आता आमचे स्पष्ट मत आहे. डॉ. एर्नेस्तो गालार्सा यांचे कार्य त्याला साक्ष आहे.

१७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियातील चुआलार गावाजवळ, शेतातून परतणाऱ्या मेक्सिकन मजुरांच्या गाडीला रूळ ओलांडताना मालगाडीने धडक दिली. ३२ मजूर मृत्युमुखी पडले. मजुरांची ती गाडी म्हणजे ट्रकवर छप्पर चढवून आत बाकडी टाकलेली होती. लोक हळहळले. चालकावर खटला झाला, तो निर्दोष सुटला. एवढ्यावर सारे संपले असते. परंतु अमेरिकी काँग्रेसच्या शिक्षण व श्रम समितीने चौकशीचे काम गालार्सांकडे सोपवले. त्यांनी चालकापलीकडे पाहिले आणि माणसांची अशी वाहतूक चालू देणाऱ्या व्यवस्थेलाच प्रश्न विचारले.

हे गृहस्थ १९०५ साली मेक्सिकोतील एका डोंगराळ खेड्यात जन्मले, बालपणी कॅलिफोर्नियात आले, शेतात राबले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठाचे डॉक्टर झाले. ती पदवी त्यांनी भिंतीवर टांगून ठेवली नाही. मेक्सिकन मजूर कराराने आणण्याची योजना १९४२ पासून चालू होती. गालार्सा मजुरांच्या छावण्यांत गेले, त्यांच्याशी बोलले आणि करारात लिहिलेली मजुरी, निवारा व अन्न यांची प्रत्यक्षाशी तुलना करून १९५६ साली त्यांनी अहवाल प्रसिद्ध केला. बागाईतदारांचा रोष त्यांनी पत्करला. १९६४ अखेर ती योजना बंद झाली. हे एकट्या गालार्सांचे श्रेय नव्हे. शेतीतील यंत्रे आणि कामगार संघटनांचा रेटाही त्यामागे होता. तथापि पुराव्यावाचून तो रेटा दुबळा पडला असता.

कोणी म्हणेल, मजुरांनी राजीखुशीने अंगठा दिला होता, मग अन्याय कसला? या युक्तिवादाला पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रात उत्तर दिले आहे. गरजेपोटी किंवा अधिक मोठ्या संकटाच्या भयाने कामगार जाचक अटी मान्य करतो, तेव्हा तो अन्यायाचाच बळी असतो. तक्रार केली तर घरी धाडतील, या धास्तीत जगणाऱ्याची संमती ती कसली?

वाचकहो, आपल्या मुलामुलींनी पदव्या मिळवल्या की आपण वेदीसमोर त्यांचा सत्कार करतो. तो अवश्य करावा. परंतु त्या पदवीचे पुढे काय झाले, हे आपण कधी विचारतो काय? आपल्या गावात इमारती बांधणारा परप्रांतीय मजूर कोठे झोपतो, त्याला कायद्याने ठरलेले किमान वेतन मिळते की नाही, याची नोंद आपल्या एका तरी पदवीधराने केली आहे काय? नाताळात त्याला घोंगडी वाटून आपण मोकळे होतो. अंतिम न्यायाच्या दिवशी प्रभू परक्याविषयी विचारील, तेव्हा घोंगड्यांचा हिशेब पुरणार नाही. ती थंडी का सोसावी लागली, याचाही जाब आपल्याला द्यावा लागेल.